हुक्केरीकाकांचे थांबे

हुक्केरीकाकांचा फोन आला तेव्हा उज्ज्वला चौगुले फोडणीत कांदा टाकत होती. नोव्हेंबरातला मंगळवार होता, सकाळची घाईची वेळ.

"चौगुलेबाई, तुमच्या यंत्राचं काही बिघडलंय का?" काका विचारत होते. "तीन आठवडे झाले, मला एक सोबती मिळंना झालाय. आधी कसं, आठवड्याला दोघं-तिघं तरी यायचे. बघा की जरा."

"बघते काका. सलमाला सांगते आजच."

"सांगा. नाहीतर आम्ही पुस्तकं वाचून काय भिंतीला सांगायचं?"

उज्ज्वला हसली. त्यात काळजी करण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही.

भालचंद्र हुक्केरी इचलकरंजीचे. वय एकाहत्तर. चाळीस वर्षं ते यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारे कारागीर. शिक्षण जुनी अकरावी, आणि तीही एकदा नापास होऊन. पण 'थांबा' या उज्ज्वलाच्या ऑनलाइन गटातल्या अकरा हजार वाचकांत त्यांच्याइतका मान दुसऱ्या कुणाला नव्हता. साठ वर्षांपूर्वी छापलेलं, एका विहिरी खोदणाऱ्या माणसाचं आत्मकथन कुणालाही ठाऊक नव्हतं. काकांनी ते वाचलं, त्यावर चार परिच्छेद लिहिले आणि वर्षभरात त्याची नवी आवृत्ती काढावी लागली.

'थांबा' उज्ज्वलानं सुरू केलं त्याला आता पाच वर्षं होत आली होती. ती गडहिंग्लजच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होती. एका उन्हाळ्यात तिथल्या वाचनकक्षात ऑनलाइन परीक्षांचं केंद्र झालं, पुस्तकं गठ्ठे बांधून वरच्या मजल्यावर गेली आणि उज्ज्वलाची परीक्षा विभागात बदली झाली. पुस्तकांपेक्षा जास्त तिला टेबलापलीकडची माणसं आठवायची. एखाद्याला नुसतं "हे आवडलं ना, मग आता हे न्या" म्हणायचं आणि आठ दिवसांनी तो काय तोंड करून परत येतो ते पाहायचं. ते ऑनलाइन जमेल का, म्हणून तिनं वाचकांचा एक गट काढून पाहिला. पण तोपर्यंत दिवस असे आले होते की कुठल्याही पुस्तकाखालची शंभरातली नव्वद परीक्षणं यंत्रांनी लिहिलेली असायची. गोड, बिनचूक आणि एकही पान न वाचता लिहिलेली. खरंच कुणी वाचलंय हे ओळखायचं कसं?

वाट काढली ती सलमा मुजावरनं. सलमा उज्ज्वलाची जुनी विद्यार्थिनी. गाडी चालवणाऱ्याचा डोळा लागतोय का हे कॅमेऱ्यातून ओळखणाऱ्या एका कंपनीत तिनं काही वर्षं काम केलं होतं, आणि नंतर गावी परतून ती घरूनच कामं करायची.

आपल्याला वाटतं, वाचताना डोळा ओळीवरून सरकत जातो. तो सरकत नाही, उड्या मारतो. सात-आठ अक्षरं ओलांडायची, पाव सेकंद थांबायचं, पुन्हा उडी. आपल्याला दिसतं ते फक्त थांबल्यावर. दर सात-आठ उड्यांमागे एक उडी उलटी असते, कारण काहीतरी निसटलेलं असतं किंवा काहीतरी पुन्हा पाहावंसं वाटतं. आता फोनचे कॅमेरे एवढे सुधारले होते की बुबुळावरच्या प्रकाशाच्या ठिपक्यावरून डोळा कुठल्या शब्दावर किती वेळ थांबला हे कळू शकायचं. चित्र फोनबाहेर जातच नसे. बाहेर जायचे ते फक्त थांबे आणि त्यांच्या वेळा. सलमा त्याला वाचकाची वाट म्हणायची. ही वाट यंत्राला खोटी रचता येत नव्हती, निदान अजून तरी.

पुढची युक्ती उज्ज्वलाची. लांबलचक शब्द, अवघड जोडाक्षर, अनोळखी आडनाव, इथं सगळेच थांबतात. ते थांबे चाळून टाकायचे. मग जे उरतात ते त्या माणसाचे स्वतःचे. एका कादंबरीत सून सासूचा चष्मा पदरानं पुसते आणि परत फडताळात ठेवते, एवढंच एक वाक्य होतं. नऊशे जणांनी ते वाचलं आणि पुढं गेले. इचलकरंजीचे हुक्केरी आणि परभणीच्या विमल टाकळकर, दोघंच तिथं दीड सेकंद थांबले. असे तीस-चाळीस थांबे जुळले की 'थांबा' त्या दोघांना कळवायचं: तुम्हाला सोबती मिळाला आहे. सोबत्यानं वाचलेली पुस्तकं आणि त्याचे थांबे मग आपल्याला उघडून पाहता यायचे. लोकांना त्यातून न ऐकलेली पुस्तकं सापडत, आणि पुस्तकांपाठोपाठ माणसंही सापडत.

पहिला नियम उज्ज्वलानं स्वतःच्या हातानं लिहिला होता: तुमची वाट पुस्तकं आणि सोबती शोधण्यासाठीच वापरली जाईल, दुसऱ्या कशासाठीही नाही.

गुरुवारी संध्याकाळी ती सलमाच्या घरी गेली. सलमानं चहा पुढं केला, पण स्वतः घेतला नाही.

"मॅडम, बिघाड नाहीये," ती म्हणाली. "बसा आधी."

पडद्यावर एकाच लांबीच्या दोन परिच्छेदांवर ठिपक्यांच्या दोन माळा होत्या.

"ही काकांची मागच्या वर्षीची वाट. ही या महिन्यातली. आधी ते एका ओळीत पाच ठिकाणी थांबायचे, आता आठ. उलट्या उड्या दुप्पट झाल्यात. आणि हे बघा. ओळ संपली की डोळा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पडायला पाहिजे. यांचा मध्येच कुठंतरी पडतो, मग शोधत मागं जातो."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"मला पण आधी तेच वाटलं. पण सप्टेंबरात त्यांनी अक्षरं मोठी करून घेतलीत, तरी काही फरक नाही. आणि मॅडम, ते आता अवघड शब्दांवर जास्त थांबत नाहीत. सोप्या शब्दांवर थांबतात. 'म्हणून'वर. 'तरीसुद्धा'वर. वाक्याचे दोन तुकडे जोडणारे शब्द असतात ना, तिथं. तिथं दुसरं कुणी थांबत नाही, म्हणून त्यांचं कुणाशी जुळत नाही."

उज्ज्वलाला कळलं. वाक्याचा मागचा तुकडा हातातून सुटला की माणूस तिथंच अडतो.

सलमानं दोन दिवस शोधनिबंध चाळले होते. स्मृतिभ्रंश झालेल्या काही लोकांच्या डोळ्यांची वाट अशीच बदललेली सापडली होती, आणि त्यातल्या काहींची तर घरच्यांना विसरभोळेपणा जाणवायच्या दोन-तीन वर्षं आधी. "उद्या फोन करून सांगू त्यांना," ती म्हणाली.

"काय सांगायचं? मी डॉक्टर आहे का? तू आहेस?"

"डॉक्टरकडे जा, एवढं तरी."

"आपण लोकांना लिहून दिलंय सलमा. दुसऱ्या कशासाठीही नाही म्हणून. आज काकांची वाट अशी वाचली, उद्या सगळ्यांची वाचणार का?"

हे सगळं खरं होतं. पण आपण बोलतोय त्याच्या मागं आणखी एक कारण आहे हे तिला बोलतानाच कळत होतं. पाच वर्षं ज्या माणसाशी ती फक्त पुस्तकांवर बोलली, त्याला ही बातमी आपल्या तोंडून कळावी हे तिला सोसवत नव्हतं. ती उठली, खिडकीपाशी गेली आणि म्हणाली, "त्यांच्यापुरती जुळणीची चाळणी सैल कर."

"म्हणजे खोटे सोबती द्यायचे?"

"खोटे नाहीत. थोडे लांबचे."

"मला हे पटत नाही," असं म्हणून सलमानं कळफलक पुढं ओढला.

पुढच्याच आठवड्यात काकांना तीन सोबती मिळाले. "झालं बघा यंत्र दुरुस्त!" त्यांचा संदेश आला. उज्ज्वलानं नुसता हसरा चेहरा पाठवला. त्या दिवसापासून त्यांचं नाव फोनवर दिसलं की तो दोन-तीनदा वाजू देऊन मगच ती उचलायची.

डिसेंबर गेला. तक्रारी आधी दुसरीकडून आल्या. अकोल्याच्या एका सोबत्यानं लिहिलं, हुक्केरींनी वाचलेली पुस्तकं वाचून पाहिली, माझं त्यांच्याशी काहीच जुळत नाही. मग विमल टाकळकरांचा वेगळा, खासगी संदेश आला. विमलताई निवृत्त नर्स होत्या, शब्द जपून वापरणाऱ्या. 'काका हल्ली एकच मुद्दा दोनदा लिहितात. परवा मी उत्तर दिलेला प्रश्न त्यांनी काल परत विचारला. मी मुद्दाम काही म्हटलं नाही. तुम्हाला काही माहीत आहे का?'

उज्ज्वलानं 'नाही' असं टाइप केलं. ते खोडलं. मग उत्तरच दिलं नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. या वेळी आवाजात चेष्टा नव्हती.

"बाई, हे सोबती खोटे आहेत."

"म्हणजे?"

"माझं सगळं आयुष्य कापड बघण्यात गेलंय. माग कुठं बिघडलाय ते मागात दिसायच्या आधी कापडात दिसतं. मी एकेकाचे थांबे उघडून माझ्या थांब्यांशेजारी लावून बघितले. पूर्वी असं लावलं की दोन-तीन ठिकाणी तरी वाटायचं, अरे, हा माणूस माझ्या घरातला आहे. आता कुठंच तसं वाटत नाही. तुम्ही मला काहीतरी धरून दिलंय, पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं. का?"

"काका, फोनवर नको. मी येते उद्या."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती सकाळच्या एसटीनं इचलकरंजीला गेली. काकांचं घर एका अरुंद बोळात, दोन खोल्यांचं, आणि चारी बाजूंनी मागांचा खडखडाट. इतकी वर्षं फोनवर काकांच्या आवाजामागं जे ऐकू यायचं ते हेच, हे तिच्या लक्षात आलं. काका तिच्या कल्पनेपेक्षा उंच होते. कपाळावर विभूती, अंगात धुवट पांढरा सदरा. त्यांच्या बायकोनं, महादेवीकाकूंनी, पोह्यांची बशी हातात दिली.

उज्ज्वलानं बशी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. वाट कशी बदलली, सलमानं काय वाचलं, चाळणी कुणी सैल करायला लावली. मध्ये थांबली असती तर पुढचं सांगता आलं नसतं, म्हणून ती थांबलीच नाही.

काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, "कधी कळलं तुम्हाला?"

"नोव्हेंबरात."

"आता जानेवारी अर्धा संपला. दोन महिने!" ते उठले. "मी रोज तुमच्याशी बोलतोय. या पुस्तकात असं, त्या पुस्तकात तसं. आणि तुम्ही तिकडून बघताय की म्हाताऱ्याचं डोकं चाललंय."

"काका, मला धीर झाला नाही."

"आजाराचं मला एवढं वाटत नाही बाई. आजार कुणालाही होतो. पण तुम्ही मला खोटं वाचायला दिलं." त्यांचा आवाज फुटला. "जावा तुम्ही."

ती बोळाच्या तोंडाशी पोचली तेव्हा मागून काकू धापा टाकत आल्या.

"उज्ज्वला, थांब. मला पण दिसतंय गं सगळं. बोलता बोलता मध्येच थांबतात. रागानं बोलतात, मग रडतात. पूर्वी असे नव्हते. आणि चप्पल पायातून निसटते, यांना कळत पण नाही. चार पावलं पुढं जातात आणि चप्पल मागं राहते. मी कुणाला सांगू?"

"डॉक्टरला, काकू. या आठवड्यातच. मी वेळ घेऊन देते."

"येतील का ते?"

दोन दिवस काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी काकांचा एका ओळीचा संदेश आला: 'माझी वाट मला द्या. डॉक्टरला दाखवायची आहे.' खाली नाव नव्हतं.

डॉ. अनुराधा मगदूम कोल्हापूरच्या मेंदूविकारतज्ज्ञ. ठिपक्यांच्या माळा पाहून त्यांनीच निरोप पाठवला की हे समजावून सांगणारं कुणीतरी येऊ द्या. म्हणून सोमवारी दवाखान्यात पाच जण होते: काका, काकू, उज्ज्वला, सलमा आणि टेबलापलीकडं डॉक्टरीणबाई. काकांनी उज्ज्वलाकडं पाहिलं नाही.

सलमानं कागद पसरून सगळं समजावलं. डॉक्टर मध्ये मध्ये प्रश्न विचारत होत्या. मग त्यांनी कागद गोळा केले.

"यावरून काय कळतं? वर्षभरात बदल झाला, एवढं. का झाला हे यात कुठं आहे?"

"नाही," सलमा म्हणाली.

"नाहीच. ताप मोजायची नळी ताप सांगते, कशानं आला ते सांगत नाही." त्या काकांकडं वळल्या. "साखरेची गोळी किती वर्षं घेताय?"

"सोळा."

"ॲसिडिटीची?"

"ती पण आहे. दहा-बारा वर्षं."

"अंडी, मटण?"

"आमच्यात चालत नाही."

"दूध?"

"साखर निघाल्यापासून सोडलं. चहा पण बिनदुधाचा."

"पायाला मुंग्या येतात?"

"थोड्या—"

"चप्पल निसटते यांची," काकू मध्येच म्हणाल्या. "कळतच नाही यांना."

डॉक्टरांनी काकांना चपला काढायला लावल्या, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. काका डोलायला लागले आणि सलमानं पुढं होऊन त्यांना धरलं. मग डॉक्टरांनी दोन पात्यांचा एक धातूचा काटा टेबलावर आपटून, तो थरथरत असतानाच त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "काही थरथरतंय?" काका नाही म्हणाले. त्यांनी आणखी काही तपासलं, रक्त काढायला सांगितलं, मेंदूचं चित्र काढायला सांगितलं. "शुक्रवारी बोलू. तोवर काही ठरवून बसू नका. कुणीच."

ते चार दिवस उज्ज्वलानं कसे काढले ते तिचं तिलाच आठवत नाही. परीक्षा विभागात तिनं दोनदा चुकीच्या वर्गाच्या याद्या लावल्या. घरी नवऱ्यानं विचारलं तेव्हा म्हणाली, "ते माझ्याशी आयुष्यभर बोलले नाहीत तरी चालेल. पण त्यांची पुस्तकं राहू देत."

शुक्रवारी दुपारी दीड वाजता फोन वाजला. ती खिडकीपाशी बसून अर्ज तपासत होती, समोर विद्यार्थ्यांची रांग.

"उज्ज्वला!" काकूंचा आवाज एवढा मोठा होता की रांगेतल्या पहिल्या मुलीनंही तो ऐकला. "बी-बारा म्हणे! बी-बारा! जीवनसत्त्व असतंय ते. अंगात पार संपलंय यांच्या. बाकी डोकं चांगलं आहे, वयाच्या मानानं चांगलं आहे म्हणाल्या. इंजेक्शनं घ्यायची. नुसती इंजेक्शनं!"

उज्ज्वलानं "पाच मिनिटं" म्हणून खिडकी लोटली, जिन्यात जाऊन पायरीवर बसली आणि तोंडावर ओढणी धरून रडली. रडता रडता तिला हसू यायला लागलं. जिन्यावरून जाणाऱ्या शिपायानं विचारलं, "मॅडम, काय झालं?" ती म्हणाली, "चांगलं झालं. चांगलंच झालं."

नंतर डॉक्टरांनी फोनवर तिला आणि सलमाला नीट सांगितलं. बी-बारा हे जीवनसत्त्व नसांभोवतीचं आवरण धड ठेवतं. ते कमी पडलं की आवरण झिजतं आणि संदेश रेंगाळतात, पायातले तसेच डोक्यातले. ते मिळतं मुख्यतः दुधातून, अंड्यांतून, मांसातून. काकांची ती साखरेची गोळी बरीच वर्षं घेतली की बऱ्याचदा ते आतड्यातून नीट शोषलं जात नाही, ॲसिडिटीच्या गोळीनं आणखी कमी. त्यात काकांनी दूधही सोडलेलं. हे सगळं इतकं हळू होतं की घरात कुणाला दिसत नाही, आणि दिसलं की लोक वयाच्या माथी मारतात.

"सगळं परत येईल?" सलमानं विचारलं.

"बरंचसं यावं. पायाचं सांगता येत नाही. पण आणखी वर्ष-दीड वर्ष गेलं असतं तर मी असं बोलले नसते." डॉक्टरांनी पुढं जोडलं, "आणि नोव्हेंबरात आला असतात तर आणखी बरं झालं असतं."

"तो उशीर माझ्यामुळं झाला," उज्ज्वला म्हणाली.

काकांचा मात्र फोन आला नाही. आधी रोज, मग आठवड्याला एक अशी इंजेक्शनं चालू होती, एवढं काकूंकडून कळायचं. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. 'थांबा'वर त्यांचं नाव शांत होतं. उज्ज्वलानं त्यांची चाळणी पूर्ववत करायला लावली होती आणि अकोल्याच्या सोबत्यासह सगळ्यांना कळवलं होतं की ती जोडी चुकीची होती. का, ते तिनं लिहिलं नव्हतं. ते सांगायचं तर काकांचा आजार सांगावा लागला असता, आणि तो सांगायचा हक्क तिचा नव्हता.

एप्रिलच्या एका सकाळी काकांनी स्वतःच लिहिलं. सगळ्यांसाठी.

'मंडळी, मी काही महिने गायब होतो. माझ्या अंगातलं एक जीवनसत्त्व संपलं होतं आणि त्यानं माझं वाचन बिघडलं होतं. मला स्वतःला कळलं नाही. मी पुस्तकांना दोष देत होतो, हल्लीचे लेखक लांबण लावतात म्हणून. त्या लेखकांची मी माफी मागतो. माझं वाचन बिघडलंय हे सगळ्यात आधी इथल्या यंत्राला दिसलं. ज्यांना ते दिसलं त्यांनी मला दोन महिने सांगितलं नाही. त्यांच्यावर माझा राग आहे. पण त्यांनी पाहिलं नसतं तर आज मी हे लिहीत नसतो, हेही आहे. दोन्ही खरं आहे. आता काय करायचं ते तुम्ही ठरवा.'

त्याखाली तासाभरात उज्ज्वलानं लिहिलं. सबबी सांगितल्या नाहीत. नियम आपण मोडला, खोटे सोबती आपण दिले, सलमानं विरोध केला होता, हे सगळं नावानिशी लिहिलं. माफी मागितली.

त्या दिवशी चारशे बारा जणांनी कॅमेरा बंद केला. दोनशेच्या आसपास लोक 'थांबा' सोडून गेले, त्यातले काही तिचे पहिल्या वर्षापासूनचे. एका बाईनं लिहिलं, पुस्तक वाचताना तरी मला कुणी तपासू नये. दुसऱ्या एकानं लिहिलं, माझ्या वडलांच्या वेळी हे असतं तर. पंधरा दिवस वाद चालला. पुस्तकांवरही इतका कधी झाला नव्हता. उज्ज्वलानं कुणाचं मत खोडलं नाही, नुसती वाचत राहिली.

शेवटी मतं घेतली. ठरलं ते असं: वाट ज्याची त्याची. ती फोनमधून बाहेर जाईल फक्त सोबती जुळवायला, आणि जुळणी झाली की पुसली जाईल. आपली वाट काळाप्रमाणे बदलतेय का हे ज्याला पाहायचं असेल त्यानं स्वतःच्या फोनवर स्वतः पाहावं. दुसऱ्या कुणाला, उज्ज्वला-सलमालाही, ते दिसणार नाही. आणि तिथं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असेल की बदल म्हणजे आजार नव्हे. विचारायचं ते डॉक्टरला विचारा. हे सगळं बांधायला सलमाला अडीच महिने लागले. तिला त्या कामात एवढी मजा आली की ती चहा प्यायलाही उठायची नाही.

सोबत्यांनी प्रत्यक्ष भेटायचं ठरलं ते त्या वादातच. भांडलेल्या लोकांना एकमेकांचे चेहरे पाहायचे होते. दसऱ्यानंतरच्या रविवारी, इचलकरंजीला, विणकरांच्या एका सभागृहात. परभणीहून, अकोल्याहून, कुडाळहून मिळून साठेक माणसं आली. उज्ज्वला सलमाबरोबर सकाळीच पोचली. काकांशी जानेवारीनंतर तिचं बोलणं नव्हतं. त्यांनी दारातच तिला पाहिलं, "आला का? या," एवढंच म्हणाले, आणि खुर्च्या मांडायला निघून गेले. चालणं जरा जपून होतं, हातात काठी होती. पण पाठ ताठ होती.

जेवणाच्या वेळी एका कोपऱ्यात आवाज चढले. काका आणि विमल टाकळकर. दोघांनी महिनाभरापूर्वी एकच कादंबरी वाचली होती. तिच्या शेवटी एक शिक्षिका तीस वर्षं राहिलेलं गाव सोडून जाते.

"रागानं गेली ती!" काका म्हणत होते. "गावानं तिला काय दिलं? एक माणूस निरोपाला आला नाही!"

"समाधानानं गेली," विमलताई म्हणाल्या. "तुम्ही नीट वाचलं नाही."

"मी नीट वाचलं नाही? आता सगळी इंजेक्शनं घेऊन झालीत माझी!"

लोक हसले. महादेवीकाकू पानावरून ओरडल्या, "अहो, भात निवतोय! नंतर भांडा!" पण आजूबाजूला आता वीसेक जण जमले होते आणि अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे झाले होते. काकांनी मान वळवून पाहिलं. उज्ज्वला दोन पावलांवर हातात ताट घेऊन उभी होती.

"बाई, तुम्ही वाचलीय ना? सांगा, कुणाचं बरोबर?"

सगळे तिच्याकडं पाहायला लागले. आठ-नऊ महिन्यांनी काका तिला पुस्तकातलं काही विचारत होते. त्यांचं बरोबर म्हटलं असतं तर किती सोपं होतं.

"काका, तुमचं चुकलंय," ती म्हणाली. "जायच्या आदल्या दिवशी ती शाळेचे पडदे धुऊन परत लावते. रागानं जाणारं माणूस पडदे धुऊन लावत नाही. ते वाक्य तुमच्याकडून सुटलं."

काकांचा चेहरा हळूहळू सैल झाला आणि ते मोठ्यानं हसले, अगदी पोटातून.

"हां! आता कसं बोललात!" त्यांनी शेजारची खुर्ची काठीनं पुढं ओढली. "बसा इथं. पडद्यांचं पान काढा ते. परत वाचू."